छोट्या वाचनालयात कोहा बसवताना: उबुंटू, डेबियन आणि विंडोजसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कोहा ही ग्रंथालयासाठीची मुक्त संगणकप्रणाली आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी कातिपो कम्युनिकेशन्स या कंपनीने ती १९९९ मध्ये तयार करायला घेतली आणि जानेवारी २००० पासून ती तेथे वापरात आली. जीपीएल परवान्यामुळे ती कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि आपल्याच संगणकावर चालवता येते. पुस्तकांची सूची, सभासदांची नोंद, देवघेव, दंड आणि वाचकांना पाहता येणारी शोधसूची ही सारी कामे ती करते. आपल्याकडील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती बऱ्यापैकी रुळलेली आहे. तालुक्याच्या किंवा गावाच्या सार्वजनिक वाचनालयात मात्र ती बसवायची म्हटले की बहुतेकांचे घोडे पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच अडते. ही अडचण सहसा प्रणालीच्या अवघडपणामुळे येत नाही. काही निर्णय पहिले पुस्तक नोंदवण्याआधी घ्यावे लागतात हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून ती येते. हा लेख त्या निर्णयांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. संगणकाची देखभाल करणारी, निदान आठवड्यातून एकदा त्याकडे पाहणारी एकही व्यक्ती वाचनालयात नसेल, तर स्वतःचा सर्व्हर, म्हणजे कोहा चालवणारा मुख्य संगणक, उभारू नका. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली किंवा कोहाची सेवा पुरवणाऱ्या एखाद्या संस्थेकडे ठेवलेली व्यवस्था अशा ठिकाणी अधिक सुरक्षित ठरते. अशी व्यक्ती असेल, तर स्वतःच्या सर्व्हरचा मोठा लाभ असा की इंटरनेट बंद पडले तरी वाचनालयातील अंतर्गत जाळ्यावर देवघेव चालू राहते आणि सभासदांची माहिती तुमच्याच ताब्यात राहते.

पुढे दिलेल्या कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या टर्मिनल या कमांड देण्याच्या खिडकीत रोमन लघु अक्षरांत टाइप कराव्यात आणि लांबलचक ओळी कोहाच्या अधिकृत संकेतस्थळावरील स्थापनेच्या पानावरून जशाच्या तशा नकलून घ्याव्यात.

१. आधी हाताशी काय असावे

संगणक फार नवा असण्याची गरज नाही. काही हजार पुस्तकांच्या वाचनालयाला ४ जीबी रॅम पुरते. विंडोजच्या आत आभासी यंत्र, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा संगणक, चालवायचे असेल तर ८ जीबी हवीच. जुन्या संगणकात पैसे घालायचेच असतील तर ते आधी एसएसडीवर घाला. यूपीएस ही चैन समजू नका. डेटाबेस लिहिला जात असताना वीज गेली तर नोंदी बिघडू शकतात.

याखेरीज पुढील गोष्टी जमवून ठेवा:

- किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि बॅकअपसाठी एक वेगळी बाह्य डिस्क
- राउटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड. तो बहुधा जोडणी करून देणाऱ्या माणसाकडेच राहिलेला असतो
- सर्व्हरपासून राउटरपर्यंत पोहोचेल इतकी लॅन केबल
- दाखल नोंदवही आणि असल्यास पुस्तकांची एक्सेलमधील यादी
- देवघेवीचे लेखी नियम: कोणत्या वर्गाच्या सभासदाला किती पुस्तके, किती दिवस, उशिराला दंड किती
- बारकोड वाचक. हा नंतर घेतला तरी चालतो

देवघेवीचे नियम लेखी स्वरूपात कार्यकारी मंडळाकडून आधीच मंजूर करून घ्या. कोहा हे नियम विचारल्याशिवाय एकही पुस्तक देऊ देत नाही, आणि ऐनवेळी अंदाजाने भरलेले आकडे पुढे वर्षानुवर्षे तसेच राहतात.

२. कोणत्या कार्यप्रणालीवर बसवावे

कोहाचा सर्व्हर डेबियन कुळातील लिनक्सवर (डेबियन आणि उबुंटू या त्यातल्याच कार्यप्रणाली) चालतो, हे येथे पक्के लक्षात घ्यावे. विंडोजवर थेट बसणारी कोहाची अधिकृत प्रत नाही. ‘विंडोजसाठी कोहा’ या नावाने कोणी काही देऊ केले, तर त्यात बहुधा लिनक्सचे आभासी यंत्रच असते आणि त्यातील आवृत्ती किती जुनी आहे हे कळायला मार्ग नसतो. काउंटरवरच्या किंवा वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकावर मात्र कोणतीही कार्यप्रणाली चालते, कारण तेथे केवळ ब्राउझर लागतो.

उबुंटू किंवा डेबियन थेट बसवणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. उबुंटू घेणार असाल तर नावात एलटीएस (दीर्घकाळ पाठिंबा) असलेली आवृत्तीच घ्या. ती दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. मधल्या आवृत्त्यांचा पाठिंबा नऊ महिन्यांतच संपतो. लिनक्सची सवय नसलेल्यांनी उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती घ्यायला हरकत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे विंडोज ११ न पेलणारा जो संगणक वाचनालयाच्या कोपऱ्यात पडून आहे, तोच या कामाला उत्तम आहे. उबुंटू बसवताना डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून त्यातील पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या फायली आधी बाहेर काढून ठेवा.

विंडोज ठेवणे भागच असेल, म्हणजे त्याच संगणकावर हिशेबाची प्रणाली चालत असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर बसवून त्यात उबुंटूचे आभासी यंत्र तयार करावे. येथे चार ठिकाणी माणसे अडकतात. संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर यंत्र सुरूच होत नाही. जाळ्याचा प्रकार मुळात ‘एनएटी’ असतो. तो बदलून ‘ब्रिज्ड अडॅप्टर’ केला नाही, तर कोहा त्या एकाच संगणकावर दिसते आणि काउंटरवरून उघडत नाही. हे ब्रिजिंग वायफायवर कधीकधी रुसते, म्हणून केबलच वापरावी. शेवटचे म्हणजे विंडोज झोपी गेले की सर्व्हरही झोपतो, यासाठी वीजबचतीच्या सेटिंगमधून स्लीप पूर्ण बंद करावे आणि संध्याकाळी आधी उबुंटू, मग विंडोज याच क्रमाने बंद करण्याची शिस्त सर्वांना लावावी.

विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय असलेल्या डब्ल्यूएसएलवरही कोहा चालू शकते, पण ती शिकण्यापुरतीच ठेवा. त्यात सिस्टिमडी हा सेवा सुरू करणारा घटक चालू आहे ना हे पाहावे लागते, आतला पत्ता प्रत्येक वेळी बदलू शकतो आणि जाळ्यावरील इतर संगणकांना तो मुळात दिसत नाही. ॲपलचा मॅक संगणक असेल तर त्यावर आभासी यंत्र चालवता येते, पण बहुतेक वाचनालयांत हा प्रश्न उद्भवत नाही. फेडोरासारख्या इतर लिनक्ससाठी तयार पॅकेज नसल्यामुळे नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. ‘कोहा-टेस्टिंग-डॉकर’ नावाची सोय कोहाचे विकासक वापरतात. ती पटकन चालू होते म्हणून मोह होतो. पण ती बंद केली की त्यातल्या नोंदीही जातात, तेव्हा तिच्यात खरी पुस्तके कधीही भरू नका.

३. सर्व्हरचा पत्ता पक्का करा

राउटर प्रत्येक संगणकाला जो पत्ता (आयपी अॅड्रेस) देतो तो बदलू शकतो. आज काउंटरवर उघडणारी कोहा उद्या उघडत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते. उबुंटूच्या आत पत्ता बांधता येतो, परंतु राउटरच्या व्यवस्थापन पानावर जाऊन सर्व्हरच्या मॅक अॅड्रेससाठी (जाळ्याच्या जोडणीचा ओळखक्रमांक) एक पत्ता राखून ठेवणे अधिक सोपे आहे. आभासी यंत्राचा मॅक अॅड्रेस विंडोजच्या मॅक अॅड्रेसहून वेगळा असतो. राखीव पत्ता आभासी यंत्राला द्यायचा आहे. मिळालेला पत्ता कागदावर लिहून सर्व्हरवर चिकटवून ठेवा.

४. रिपॉझिटरी जोडा आणि पॅकेज बसवा

प्रथम ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि ‘सुडो एपीटी अपग्रेड’ या कमांड देऊन मूळ प्रणाली अद्ययावत करा. नंतर अधिकृत पानावरून कोहाची सही-किल्ली उतरवून घेण्याची आणि रिपॉझिटरी, म्हणजे कोहाच्या पॅकेजेसचा अधिकृत साठा, जोडण्याची ओळ चालवा.

कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि तिच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. २४.११ म्हणजे नोव्हेंबर २०२४. रिपॉझिटरीच्या ओळीत ‘स्टेबल’ असे लिहिले, तर एखाद्या दिवशी नेहमीचे अद्ययावतीकरण करताना तुम्ही नकळत पुढच्या आवृत्तीवर जाऊन पोहोचता आणि काउंटरवरचे पडदे बदललेले दिसतात. म्हणून तेथे आवृत्तीचा क्रमांकच लिहा. त्या आवृत्तीच्या दुरुस्त्या येत राहतील आणि पुढे कधी जायचे हे तुम्ही ठरवाल.

यानंतर पुन्हा एकदा यादी अद्ययावत करून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल मारियाडीबी-सर्व्हर’ आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल कोहा-कॉमन’ या कमांड द्या. दुसऱ्या कमांडने पर्ल भाषेतील शेकडो छोटी पॅकेजेस उतरतात. त्यामुळे इंटरनेट मंद असेल तर धीर धरा आणि मध्येच खिडकी बंद करू नका. या संगणकावर झॅम्पसारखे दुसरे वेब सर्व्हरचे गाठोडे आधीपासून असेल तर ते काढून टाका, कारण ८० क्रमांकाच्या पोर्टवर दोघांचे भांडण होते.

५. ग्रंथालय निर्माण करण्यापूर्वीची फाइल

ईटीसी फोल्डरातील कोहा या उपफोल्डरात ‘कोहा-साइट्स डॉट कॉन्फ’ नावाची फाइल असते. ती ग्रंथालय निर्माण करतानाच वाचली जाते. नंतर तिच्यात केलेला बदल आधीच निर्माण झालेल्या ग्रंथालयाला लागू होत नाही, म्हणून आता घाई करू नका. स्वतःचे डोमेन नसलेल्या वाचनालयाने एवढेच पाहावे: ‘इंट्रापोर्ट’ ८०८० करावा आणि ‘ओपॅकपोर्ट’ ८० ठेवावा. म्हणजे नुसता पत्ता टाकला की वाचकांची शोधसूची उघडेल आणि पत्त्यापुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके देऊन ८०८० टाकले की कर्मचाऱ्यांची बाजू उघडेल. मार्क म्हणजे ग्रंथनोंदी साठवण्याचे ठरावीक स्वरूप. त्याचा प्रकार मार्क२१ आहे ना, तेही येथे पाहा.

६. ग्रंथालय निर्माण करा

आता अपाचे या वेब सर्व्हरला लागणारे घटक ‘सुडो एटूएनमॉड रीराइट सीजीआय हेडर्स प्रॉक्सी_एचटीटीपी’ या कमांडने चालू करा आणि अपाचे पुन्हा सुरू करा. त्यानंतरची मुख्य कमांड अशी: ‘सुडो कोहा-क्रिएट --क्रिएट-डीबी वाचन’. शेवटचा शब्द म्हणजे तुमच्या ग्रंथालयाचे अंतर्गत नाव. ते रोमन लघु अक्षरांत, आखूड आणि मोकळी जागा न सोडता लिहावे. वाचकांना हे नाव कोठेही दिसत नाही, तेव्हा संस्थेचे पूर्ण नाव येथे घालण्याचा आग्रह धरू नका.

कर्मचाऱ्यांची बाजू उघडत नसेल तर अपाचेच्या ‘पोर्ट्स डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये ‘लिसन ८०८०’ ही ओळ आहे का पाहा. नसेल तर घाला. पत्ता टाकल्यावर कोहाऐवजी उबुंटूचे स्वागतपान दिसत असेल तर ‘सुडो एटूडिससाइट ०००-डिफॉल्ट’ ही कमांड द्या. दोन्ही बदलांनंतर अपाचे पुन्हा सुरू करावा लागतो. पाने फारच सावकाश उघडत असतील तर ‘कोहा-प्लॅक’ ही वेग वाढवणारी सोय चालू करायची राहिली आहे, असे समजा.

७. ब्राउझरमधून पुढची मांडणी

‘सुडो कोहा-पासवर्ड वाचन’ अशी कमांड द्यावी. यातील ‘पासवर्ड’ हा शब्द ‘पी ए एस एस डब्ल्यू डी’ असा आखूड लिहायचा आहे. पडद्यावर जो पासवर्ड येईल तो आणि ‘कोहा’, अधोरेषा, ‘वाचन’ असे जोडून होणारे वापरकर्तानाव घेऊन ८०८० वर प्रवेश करा. मार्कचा प्रकार पुन्हा विचारला जाईल, मार्क२१ निवडा. ऐच्छिक माहितीच्या यादीत नमुन्यादाखल दिलेली ग्रंथालये आणि सभासद यांवर खूण करू नका, नाहीतर सेंटरव्हिलसारख्या परक्या शाखा तुमच्या यादीत येऊन बसतात.

यानंतर ग्रंथालय, सभासदवर्ग, पुस्तकांचे प्रकार आणि मुख्य ग्रंथपालाचे खाते तयार करायला सांगितले जाते. ग्रंथालयाची आणि पुस्तकप्रकारांची आखूड सांकेतिक नावे विचार करून द्या. दिसणारे नाव कधीही बदलता येते, सांकेतिक नाव मात्र नंतर बदलता येत नाही. दैनंदिन कामासाठी नेहमी येथे तयार केलेले ग्रंथपालाचे खातेच वापरा. स्थापनेच्या वेळचे डेटाबेसचे खाते केवळ स्थापनेसाठी असते.

आत शिरल्यावर तारखेची मांडणी दिवस, महिना, वर्ष अशी करा, रुपया हे चलन सक्रिय करा आणि दिनदर्शिकेत साप्ताहिक सुट्टी भरा. सुट्टी भरली नाही तर पुस्तक परत करण्याची तारीख नेमकी वाचनालय बंद असलेल्या दिवशी येते आणि सभासद काउंटरवर येऊन वाद घालतो, तेव्हा बाजू त्याचीच खरी असते.

८. मराठी शोध चालू आहे का, हे पुस्तके भरण्यापूर्वी तपासा

इतर भाषांतील मार्गदर्शनात या टप्प्याचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकलेला असतो. मराठी वाचनालयासाठी मात्र सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे.

कोहाचा शोध झेब्रा नावाच्या यंत्रणेवर चालतो. मूळ मांडणीत शब्द तोडण्याचे आणि जुळवण्याचे काम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या तक्त्यावरून होते. त्यामुळे देवनागरी शीर्षक नोंदीत व्यवस्थित दिसते, पण शोधताना सापडत नाही किंवा भलतेच सापडते. यावर उपाय म्हणजे आयसीयू ही युनिकोडची व्यवस्था चालू करणे. ईटीसी फोल्डरातील कोहामध्ये झेब्राडीबी आणि त्यातील ईटीसी येथे ‘डिफॉल्ट डॉट आयडीएक्स’ ही फाइल आहे. तिची आधी एक प्रत काढून ठेवा. शब्दांच्या आणि वाक्यांशांच्या विभागात ‘चारमॅप’ ने सुरू होणाऱ्या ओळी आहेत. त्यांच्या जागी अनुक्रमे ‘आयसीयूचेन वर्ड्स-आयसीयू डॉट एक्सएमएल’ आणि ‘आयसीयूचेन फ्रेझेस-आयसीयू डॉट एक्सएमएल’ अशा ओळी लिहा. मग झेब्रा पुन्हा सुरू करून ‘सुडो कोहा-रीबिल्ड-झेब्रा -एफ -व्ही वाचन’ ही कमांड द्या. पुढे कधी अद्ययावतीकरण करताना ‘ही फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी घ्यायची का’ असा प्रश्न आला तर आपली जुनीच ठेवा.

आता तीन-चार पुस्तके नोंदवून शोधून पाहा आणि त्यांत ‘किनाऱ्यावरील’ आणि ‘ॲटलास’ असे शब्द मुद्दाम घ्या. ‘ऱ्या’ हे अक्षर काही कीबोर्ड ऱ, हलन्त आणि य असे लिहितात, तर काही र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असे लिहितात. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून लिहिता येते, तसे ‘अ’ वर वेगळा चंद्र देऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. एका कर्मचाऱ्याने एका पद्धतीने भरलेले पुस्तक दुसऱ्याला सापडत नाही आणि मग पुस्तक हरवले अशी नोंद होते. यावर खात्रीचा उपाय एकच: सर्व संगणकांवर एकच कीबोर्ड ठेवा, शक्यतो इन्स्क्रिप्ट, आणि तो नियम लिहून भिंतीवर लावा.

नुकतेच नोंदवलेले पुस्तक काही मिनिटांनंतरही शोधात येत नसेल, तर आयसीयूकडे वळण्यापूर्वी ‘कोहा-इंडेक्सर --स्टेटस वाचन’ या कमांडने अनुक्रमणी, म्हणजे शोधासाठी नोंदींची सूची करण्याचे काम, चालू आहे का ते पाहा. बहुतेक वेळा ती बंद पडलेली असते.

९. जुन्या याद्या आणताना

एक्सेलमधील यादी मार्कएडिट या मोफत साधनाने मार्क स्वरूपात बदलून कोहात घेता येते. त्याआधी यादीतील अक्षरे खरोखर युनिकोड आहेत का हे तपासा. त्यासाठी एका रकान्याचा फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मजकुराची जागा निरर्थक रोमन अक्षरांनी घेतली, तर ती यादी छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला, कारण रूपांतरात चुका तेथेच होतात. फाइल साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा.

कोहात प्रत्येक प्रतीची माहिती ९५२ या क्षेत्रात जाते आणि बारकोड त्याच्या ‘पी’ या उपक्षेत्रात असतो. दाखल क्रमांकच बारकोड म्हणून वापरला तर दाखल नोंदवही आणि कोहा यांचा मेळ कायम राहतो. भाषेसाठी मार्कचा सांकेतिक शब्द ‘एम ए आर’ आहे. सगळी यादी एकदम आणू नका. पन्नास पुस्तके आणा, तपासा, मगच उरलेली आणा.

१०. रोजची कामे आणि बॅकअप

कोहा दंडाची आकारणी, सूचना आणि बॅकअप ही कामे दिवसातून एकदा आपोआप करते. ही वेळ नेहमीच्या मांडणीत सकाळी ६ वाजून २५ मिनिटांची असते, आणि त्या वेळी आपल्याकडील वाचनालयाचा संगणक बंद असतो. ‘अॅनाक्रॉन’ हे पॅकेज असेल तर राहून गेलेली कामे संगणक चालू झाल्यावर पूर्ण होतात. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ते असते. सर्व्हर आवृत्तीत आणि किमान स्वरूपाच्या डेबियनमध्ये ते वेगळे बसवा.

तयार झालेले बॅकअप व्हार फोल्डरात, स्पूल, कोहा आणि मग तुमच्या ग्रंथालयाचे नाव असलेल्या फोल्डरात जमा होतात. प्रत्येक दिवसाच्या दोन फायली असतात, एक डेटाबेसची आणि दुसरी मांडणीची, दोन्ही लागतात. येथे मोजक्या दिवसांच्याच प्रती राहतात आणि त्याही त्याच डिस्कवर, म्हणून दर आठवड्याला त्या बाह्य डिस्कवर घेऊन ती डिस्क वाचनालयाबाहेर, अध्यक्षांच्या किंवा कार्यवाहांच्या घरी ठेवा. तिच्यात सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असतात, तेव्हा ती कोणाच्याही हाती पडणार नाही याची काळजी घ्या. याच कारणास्तव ८०८० ची बाजू इंटरनेटवर कधीही उघडी करू नका.

तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या एखाद्या संगणकावर किंवा नव्या आभासी यंत्रात त्याच आवृत्तीची कोहा बसवा आणि ‘कोहा-रिस्टोअर’ कमांडला या दोन्ही फायली देऊन ग्रंथालय परत उभे राहते का ते पाहा. परत उभे राहिलेल्या प्रतीत शेवटच्या दिवशी दिलेले एक पुस्तक आणि ते नेणारा सभासद शोधून पाहा, आणि अनुक्रमणी नव्याने करून एक मराठी शीर्षकही शोधा.